स्मृतीचें मोल

अपस्मारापासून सुटका व्हावी म्हणून स्मृतीचा किती अंश पणास लावावा? १९५३ सालीं अमेरिकेंत हेन्री मोलेसन यांच्या मेंदूचा कांहीं भाग दोन्ही बाजूंनीं काढला. झटके उणावले, परंतु नवी आठवण टिकेना. आज अशा शस्त्रक्रियेपूर्वीं शब्द व चित्रें आठवावयास सांगून स्मृतीची परीक्षा घेतात. ती धोका सांगते. मोल ठरवीत नाहीं. तें कोणीं ठरवावें? अमरावती-अकोल्याकडील घरांत वडीलधारी मंडळी पुढें होतील. पण झटका त्यांना दिसतो, विस्मृति रोग्यास भोगावी लागते. स्मृतीला इतरांचा आधार मिळतो खरा. तेराव्या शतकांत वऱ्हाडांतील रिद्धपुरास म्हाइंभटांनीं अनेकांच्या आठवणींतून 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. आप्तांनींही रोग्याच्या आठवणी तशाच जपाव्या. निर्णय मात्र त्याचाच असावा.