दानाच्या आधी

हैदराबादेत हिमायतनगरला तिरुमला तिरुपती देवस्थानचे बालाजी मंदिर आहे, आणि २०१४ पासून शहरात पाच रुपयांत जेवण देणारी महापालिकेची केंद्रे आहेत. प्रसादामागे आणि त्या स्वस्त जेवणामागे करुणाच आहे. पण भुकेल्याचे पोट भरले की अन्नधर्म पुरा झाला का? मला तसे वाटत नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत वरुण मुलाला ब्रह्म काय ते सांगून मोकळा होत नाही. तप करून शोध, म्हणतो. भृगूला पहिल्यांदा सापडते ते अन्न. पुढे व्रते येतात: अन्नाची निंदा करू नये, ते भरपूर पिकवावे, दारी आलेल्याला परत पाठवू नये. आधी पिकवणे, मग देणे. ज्याच्या वाट्याला कायम हात पसरणेच येते, त्याचा या धर्मातला निम्मा वाटा हिरावलेला असतो.

यावर रास्त आक्षेप असा की उपाशी माणसाला अधिकाराची भाषा कशाला, आधी घास द्या. घास द्यावाच, पण घास आणि अधिकार यांत निवड करावी लागते, हे खरे नाही. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, झहीराबादच्या परिसरात, १९९० च्या दशकात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या संघांतील बायकांनी, ज्यांत बहुतेक दलित, पडीक जमिनी ज्वारीखाली आणल्या. त्यासाठी घेतलेल्या कर्जाची फेड शेतकऱ्यांनी संघांना ज्वारीनेच केली. गावातले गरीब कोण हे बायकांनीच ठरवले आणि ती ज्वारी त्यांना स्वस्तात विकली. तिथे घेणारे आणि देणारे एकाच गावचे होते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. लोकांना ज्वारी हवी आहे, हे कोणी सांगितले? तेलंगणात २०२५ मध्ये रेशनवर बारीक तांदूळ आला, आणि लोकांना तो हवाच होता. हे मान्य करायला हवे. गरिबांच्या ताटात ज्वारी लादणे हीसुद्धा अन्नावरची सत्ताच. मात्र निवड खरी व्हायची तर समोर दोन धान्ये हवीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य किलोला एक रुपया दराने होते, तरी रेशन म्हणजे तांदूळ हेच समीकरण इथे राहिले. त्याच कायद्याने रेशन दुकानापर्यंत दक्षता समित्या नेमायला सांगितले, पण त्यांचे काम देखरेखीचे. कोणते धान्य यावे, हे त्या ठरवत नाहीत. हिमायतनगरच्या कार्डधारकांना ते ठरवू द्यावे, झहीराबादच्या संघांकडून थेट धान्य घेऊ द्यावे. त्यांनी तांदूळच मागितला तरी चालेल.