मुक्या जीवाचा राग

मागील जुम्याच्या नमाजनंतर एका भावाने विचारले, "मौलाना, मांजराने मुलीला बोचकारले. पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून देऊ का?"

बंधू-भगिनींनो, मांजराला कोंडून उपाशी मारणारी स्त्री त्या पापापायी नरकात गेली, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरासाठी तिरके केले, कारण मांजर अपवित्र नसून आपल्या सभोवती वावरणारे आहे, हे त्यांनी प्रेषितांकडूनच ऐकले होते.

मांजर उगीच चावत नाही. दुखणे, भीती किंवा खिडकीबाहेर दिसलेले परके मांजर हे त्याच्या रागाचे मूळ असू शकते. शेपटी आपटू लागले, कान मागे गेले, की हात काढून घ्यावा. मारल्याने भीती वाढते आणि भीतीने चावणे. शांत मांजर अचानक चिडखोर झाले, तर पशुवैद्याकडे न्यावे. मुलांनी त्याला हाताने नव्हे, दोरीने खेळवावे. जखम झाल्यास साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

त्या भावाला मी एवढेच विचारले, "त्याआधी काय घडले होते?" तो थांबून म्हणाला, "मुलीने झोपेत त्याची शेपटी ओढली होती."

निवाड्यापूर्वी विचारपूस करणे हा न्याय आहे, आणि मुका जीवही त्याचा हक्कदार आहे. अल्लाह आपणांस ती सद्बुद्धी देवो. आमीन.