मजुराचा नकार

आषाढ लागला की कर्जत-खालापूरच्या भातखाचरांतून एक तक्रार दरवर्षी नव्याने ऐकू येते. लावणीला माणूस मिळत नाही. रोपे एकवीस-पंचवीस दिवसांची झालेली असतात, चिखलणी उरकलेली असते, आणि वाडीवर दोनदा निरोप धाडूनही कोणी येत नाही. तक्रारीपाठोपाठ कारणही सांगितले जाते. सरकारने धान्य फुकट केले, लाडक्या बहिणींच्या खात्यात पैसे टाकले, मग चिखलात उतरणार कोण? त्याच ओट्यावर, पुष्कळदा त्याच तोंडून, दुसरे गाऱ्हाणेही निघते की उत्तर प्रदेश, बिहार, बंगालच्या लोकांनी येऊन खोपोलीच्या कारखान्यांतील आणि बांधकामांवरील कामे बळकावली. राजकीय पक्षांनी ही दोन्ही गाऱ्हाणी सोयीप्रमाणे वाटून घेतली आहेत. महागाई त्यांच्यात तेल ओतते.

कोणता पक्ष खरा, हे ठरविण्यासाठी हा लेख नाही. श्रद्धावंतासमोरचा प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्याच्या गरजेवर आपला हक्क किती? तो उपाशी असेल तरच आपल्या शेतावर येईल, अशी व्यवस्था टिकावी असे आपल्याला मनातून वाटत असेल, तर त्या वाटण्याला इस्लाममध्ये काय स्थान आहे?

आधी आकडे पाहू. रेशनवर माणशी महिना ५ किलो धान्य मोफत मिळते. म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. मूठभर तांदूळ आणि पन्नास रुपये एवढ्यावर एखादी स्त्री दिवसभर कंबर वाकवून, डोक्यावर इरले घेऊन, गुडघाभर चिखलात उभी राहण्यास नकार देत असेल, तर तो नकार तिच्या आळसाविषयी थोडे आणि आपल्या मजुरीविषयी पुष्कळ सांगतो. ज्या कामाला पन्नास रुपये मागे सारू शकतात, त्या कामाचे मोल आपण काय ठरवले होते?

आळशी हा शब्द ज्यांच्याविषयी वापरला जातो ती माणसे राहतात कोठे, हे १९ जुलै २०२३ च्या रात्री साऱ्या महाराष्ट्राला कळले. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. त्या ठाकूरवाडीला गाडीरस्ता नव्हता. तेही लावणीचेच दिवस होते.

मजुरीच्या चर्चेत आपल्याकडे सूरह जुख्रुफमधील एका आयतीचा आधार घेतला जातो. अल्लाहने काहींचे दर्जे इतरांहून उंच केले, ते यासाठी की लोकांनी एकमेकांकडून काम घ्यावे, असा तिचा आशय आहे. आयत खरी आहे, पण तिच्यातून मालकी हक्क निघत नाही. त्याच आयतीच्या आरंभी विचारले आहे की तुझ्या पालनकर्त्याची कृपा वाटणारे हे लोक कोण? रोजी वाटणारा अल्लाह आहे. आपण मजुराचे अन्नदाते आहोत, या समजुतीवरच ती आयत बोट ठेवते.

दुसरा आधार कुऱ्हाडीच्या हदीसचा. अबू दाऊदच्या संग्रहात ही हकीगत येते. एक गरजू अन्सारी मागावयास आला, तेव्हा आदरणीय प्रेषितांनी (स.) त्याच्या घरचे अंथरूण-पांघरुणाचे एक वस्त्र आणि पाण्याचे एक भांडे मागवून घेतले, लिलावात दोन दिरहमांना विकले, आणि त्याला लाकूडतोडीला लावले. पंधरा दिवसांत त्याच्याकडे दहा दिरहम जमले. दान नको, काम द्या, असे सांगणाऱ्यांना ही हकीगत प्रिय आहे, आणि ती प्रिय असावीच. पण दोन दिरहमांची वाटणी ते सांगत नाहीत. पहिल्या दिरहमाचे अन्न घेऊन घरच्यांना देण्यास सांगितले गेले, दुसऱ्याची कुऱ्हाड आली, आणि तिला दांडा स्वतः प्रेषितांनी (स.) बसवला. आधी घरात अन्न पोहोचले, मग माणूस रानात गेला. शिवाय कुऱ्हाड त्याच्या मालकीची होती आणि लाकूड तो आपल्या दराने विकत होता. रेशन म्हणजे तो पहिला दिरहम होय. त्याच्याविरुद्ध या हदीसचा आधार घेणे मला पटत नाही.

आता शेतकऱ्याची बाजू. ती खोटी नाही, आणि तिला भांडवलदाराची बाजू म्हणणे अन्यायाचे आहे. कर्जत-खालापुरात बहुतेकांची जमीन तुकड्यातुकड्यांची. २०२५-२६ साठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे एक क्विंटल भात विकून सरकारी दराने साडेसात दिवसांची मजुरी निघते, आणि लावणीच्या गर्दीत त्या दराला कोणी येत नाही. खत, नांगरणी, कापणी, मळणी उरतेच. शहरातल्या ग्राहकाला तांदूळ स्वस्त हवा असतो, आणि त्या स्वस्ताईचा भार बांधावर आल्यावर दोन दुबळी माणसे तो एकमेकांवर ढकलतात. मजूर कमी लागावेत असे उपाय याच तालुक्यात निघाले आहेत. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात कायम गादीवाफ्यांवर भात टोकतात. चिखलणी आणि लावणी दोन्ही टळतात. माणूस मिळत नाही, या अडचणीला हे एक प्रामाणिक उत्तर आहे, कारण त्यात कोणाला भुकेने ओढून आणावे लागत नाही.

मदीनेत एकदा भाव चढले. लोकांनी दर बांधून देण्याची विनंती केली. प्रेषितांनी (स.) ती मान्य केली नाही, टंचाई आणि सुबत्ता अल्लाहच्या हाती आहे, आणि कोणाच्या रक्ताचा वा मालमत्तेचा दावा अंगावर न घेता मला त्याची भेट व्हावी, असा त्यांच्या उत्तराचा भाव होता. आपला व्यापारी ही हदीस जाणतो. कांदा महागला की ती सांगतोही. परंतु जुलैत मजूर दर वाढवून मागतो तेव्हा तोच व्यापारी त्याला लोभी म्हणतो. मालाच्या टंचाईत चढलेला भाव हलाल आणि श्रमाच्या टंचाईत चढलेला भाव हाव, हा भेद शरीअतमध्ये मला कोठे आढळला नाही.

येथे इमाम इब्ने तैमिया (मृत्यू ७२८ हिजरी) यांचे मत पुढे येते, आणि ते मजुराला सोयीचे नाही. हिस्बावरील ग्रंथात ते म्हणतात की लोकांना शेती, विणकाम, बांधकाम यांची निकड असेल आणि ते जाणणारे हात आखडून बसले, तर शासनाला त्यांच्यावर सक्ती करता येते. पण लगोलग अट येते. मोबदला ‘उजरतुल-मिस्ल’ म्हणजे तशा कामाचा रास्त दर असावा. कामगाराने त्याहून अधिक मागू नये, आणि लोकांनीही त्याहून कमी देऊन त्याच्यावर अन्याय करू नये. शासनाचा हात दोन्ही बाजूंवर पडतो.

या कसोटीवर आजचा एक ताजा वाद पाहण्यासारखा आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची वाट घालून दिली, २००५ मध्ये देशाने ती स्वीकारली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तिच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, आणि सोबत पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूदही आली. शेतकऱ्याला मजूर मिळावा, हा हेतू समजण्याजोगा आहे. पण मजुराचे दुसरे दार ऐन हंगामात लावून घेतले, तर त्याच साठ दिवसांत शेतावर त्याला रास्त दर मिळेल याची खबरदारीही तितक्याच कसोशीने घ्यावयास हवी. किमान वेतनाचा कायदा १९४८ पासून आहे. बांधावर तो क्वचितच पोहोचतो. इमामांच्या सूत्राचा एक अर्धा भाग आपण अमलात आणतो आणि दुसरा कागदावर ठेवतो.

परप्रांतीय मजुराविषयी बोलताना मला हजरत मूसा (अ.) आठवतात. मिस्रमधून जीव वाचवून ते मदयनला पोहोचले तेव्हा त्यांच्याजवळ काही नव्हते. दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजून ते सावलीत बसले आणि आपल्या गरजेचे गाऱ्हाणे त्यांनी फक्त अल्लाहपुढे मांडले. मुलींच्या वृद्ध पित्याने बोलावून घेतले ते पाजलेल्या पाण्याची मजुरी देण्यासाठी. पुढे करार झाला तो आठ वर्षांचा. दहा केलीस तर ती तुझी मर्जी, तुला कष्टात टाकावयाचे नाही, असे वृद्धाने स्पष्ट केले. मूसांनीही (अ.) आपली अट घातली की दोहोंपैकी कोणतीही मुदत पुरी केली तरी माझ्यावर जादती होऊ नये. सूरह कससमधील हा प्रसंग नीट वाचावा. समोरचा माणूस परका, निर्धन, मागे शिपाई लागलेला. नकार देण्याची ताकद त्याच्यात नव्हती. मालकाने ती करारात घालून त्याच्या हाती दिली.

कोकणातल्या मुस्लिम घरांना ही कथा परकी वाटू नये. कुवेत, सौदी, कतारला गेलेले भाऊ आणि मुलगे पुष्कळ घरांत आहेत. पासपोर्ट कफीलच्या कपाटात, पगार दोन-दोन महिने लांबलेला, ठरलेले काम एक आणि दिलेले दुसरे, हे आपण ऐकले आहे, सोसले आहे, आणि त्याला जुलूम म्हणत आलो आहोत. खोपोलीच्या पत्र्याच्या खोलीत दहाजणांत झोपणारा झारखंडचा वा बंगालचा तरुण त्याच वाटेने आलेला आहे. तो बंगाली बोलत असेल तर त्याच्या कागदपत्रांवर संशय आधी घेतला जातो, त्याचे नाव नंतर विचारले जाते. त्याच्या येण्याने स्थानिकाचा दर पडतो, ही तक्रार काही ठिकाणी खरीही असेल. पण दर पाडतो तो त्याला कमी देणारा.

उरतो उचलीचा विषय, आणि आपल्यापैकी ज्यांचा भट्टीशी, बांधकामाशी वा शेतीशी संबंध आहे त्यांनी याचा विशेष विचार करावा. पावसाळा सरत असताना, घरातले धान्य संपलेले असताना, कातकरी जोडप्याच्या हातावर वीटभट्टीची उचल ठेवली जाते. बयाणा असेही तिला म्हणतात. दिवाळीनंतर ते मुलाबाळांसह भट्टीवर जातात, आठवड्याला खर्ची मिळते, आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. मजुरी हजार विटांमागे ठरलेली, पण उचल घेतलेल्याला बाजाराहून कमी दर आणि उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाण्यास मनाई. कायद्याने १९७६ मध्येच अशा बांधणुकीला वेठबिगारी ठरवले आहे. फिकहच्या दृष्टीनेही ती सोपी गोष्ट नाही. कर्जावर अट घालून कर्ज देणाऱ्याने मिळवलेला लाभ व्याजासारखा आहे, हे फुकहांचे परिचित सूत्र आहे. उचल हे कर्ज. तिच्यामुळे कमी झालेला दर हा लाभ. बँकेच्या व्याजाचा पैसा घरात येऊ नये म्हणून दक्ष असणाऱ्या कुटुंबात तो विटांच्या वा भाताच्या रूपाने येत असेल, तर त्याची चौकशी करावयास हवी. रमजानात त्याच मजुराला फितरा किंवा कपडे दिल्याने ही बाकी फिटत नाही. मजुरी हा त्याचा हक्क आहे, आणि हक्क दानातून वळता करून घेता येत नाही.

उचल द्यावयाचीच असेल तर ती निखळ कर्ज म्हणून द्यावी, मजुरीचा दर तिच्याशी न जोडता उघड बाजाराइतका ठेवावा, आणि कर्ज फेडून कोठेही जाण्यास मजूर मोकळा असावा. शिवाय लिहून ठेवावे. सूरह बकरामधील कर्जाच्या दीर्घ आयतीत लेखनिकाला मजकूर सांगण्याचा अधिकार कर्ज घेणाऱ्याला दिला आहे, आणि तो दुर्बल असेल तर त्याच्या बाजूच्या माणसाने न्यायाने सांगावा अशी आज्ञा आहे. भट्टीवरच्या वहीत आजवर मजकूर कोणी सांगितला आणि अंगठा कोणी उठवला, हे या परिसरात सर्वांना ठाऊक आहे.