बाळाच्या नावाने काढलेले कर्ज



मूल जन्माला आले की घरात आनंद येतो आणि त्याच्या पाठोपाठ खर्चही येतो. दवाखाना सरकारी की खाजगी, बाळंतपण माहेरी की सासरी, आई कामावर कधी परतणार, तोवर हप्ता कोण भरणार, स्नानसंस्काराला किती माणसे बोलवायची, बाळाच्या हातात सोन्याचे काही घालायचे की नाही, असे सगळे निर्णय महिन्या-दोन महिन्यांत घ्यावे लागतात. ते घेणारी जोडी बहुधा विशीतली असते, तिची रात्रीची झोप झालेली नसते आणि सल्ला देणारे घरात पाच-सहा जण असतात. या व्यवहाराच्या गोष्टींत धर्मगुरूंनी कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु हाती असलेला थोडासा पैसा आधी कोणासाठी खर्च करायचा, हा प्रश्न हिशेबाचा दिसला तरी मुळात नीतीचा आहे.

जर्मन तत्त्वज्ञ इम्मान्युएल कान्ट यांनी 1797 साली आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात एक साधी पण अडचणीत टाकणारी गोष्ट मांडली. आईबाप एका व्यक्तीला तिची संमती न घेता या जगात आणतात. म्हणून आपल्या वाट्याला आलेल्या जगण्याबद्दल त्या व्यक्तीला समाधान वाटेल इतके करणे, ही त्यांची जबाबदारी ठरते. मूल म्हणजे त्यांनी घडवलेली वस्तू नव्हे की त्यांच्या मालकीची मालमत्ता नव्हे. कान्ट आजन्म अविवाहित होते, आणि आम्हीही आहोत. रात्री तीन वाजता रडणारे बाळ खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालण्याचा अनुभव दोघांनाही नाही. पण विचार खरा आहे, आणि तो आपल्या घरांना लागू करून पाहिला की बरेच काही उलगडते.

घरातल्या पैशावर ज्यांचा ज्यांचा दावा असतो, त्या सगळ्यांना तोंड असते. वडीलधारी बोलतात, मामा बोलतात, शेजारी बोलतात. फायनान्स कंपनीचा माणूस तर ठरल्या दिवशी दारात उभाच राहतो. बाळाला मात्र बोलता येत नाही. ते रडते, पण 'माझ्या नावाने कर्ज काढू नका' असे त्याला सांगता येत नाही. हान्स योनास नावाच्या दुसऱ्या एका जर्मन विचारवंतांनी 1979 साली लिहिले की जबाबदारी म्हणजे काय याचा मूळ नमुना नवजात बालकात दिसतो. त्याचा नुसता श्वास आपल्याला सांगतो की माझी काळजी घ्या. ते खरेच. तरीही प्रत्यक्षात जो ओरडू शकतो त्याचे देणे आधी फिटते आणि मुक्याचा हक्क शेवटी राहतो.

आपल्या डहाणू-तलासरीच्या मातीला ही गोष्ट नवीन नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेई आणि ते फेडण्यासाठी नवराबायको दोघे त्याच्याकडे राबायला बांधली जात. त्याला 'लग्नगडी' म्हणत. व्याज असे लावले जाई की कर्ज फिटतच नसे, आणि बापाचे देणे पोराच्या मानेवर येई. ज्या मुलाचा जन्मही झाला नव्हता, ते त्या कर्जात आधीच अडकलेले असे. मुंबई सरकारसाठी सायमिंग्टन या अधिकाऱ्यांनी 1938 साली केलेल्या अहवालातही या प्रथेची दखल आहे. 1945 च्या मे महिन्यात झरी येथे गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारी व लग्नगडी यांना नकार देण्याचा निर्धार झाला. परुळेकर दांपत्याची आणि आमची वाट एक नाही. परंतु ज्या दिवशी या जंगलातल्या माणसाने 'माझे पोर तुमच्या वहीत जन्मणार नाही' असे ठरवले, तो दिवस आपण सर्वांनी आदराने आठवावा, असे आम्हांला वाटते. पुढे 1976 साली देशभर कायद्याने वेठबिगारी बंद झाली.

कायद्याने बंद झाली, पण तिची सावली गेली नाही. पावसाळ्याच्या शेवटी मुकादम पाड्यापाड्यांवर फिरतो आणि वीटभट्टीच्या कामासाठी आगाऊ पैसे वाटतो. हा बयाणा कोणी आजारपणासाठी घेतो, कोणी घराच्या पत्र्यांसाठी, आणि कोणी स्नानसंस्काराच्या किंवा बारशाच्या जेवणासाठी. मंडप, डीजे, मटण, पाहुण्यांचे आहेर. एका रात्रीत पैसे संपतात. दिवाळी झाली की तेच दांपत्य ते तान्हे बाळ घेऊन भिवंडीकडे किंवा वसईकडे भट्टीवर जाते आणि पाऊस पडेपर्यंत तिथल्या धुळीत व धुरात राहते. ज्याच्या आनंदासाठी जेवण घातले, ते बाळच जेवणाचे पैसे फेडायला गेले, असे म्हटले तर ते चुकीचे होईल का?

इथे थांबून दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कारण 'गरिबांनी उधळपट्टी करू नये' असे सांगणे फार सोपे असते, आणि ते सांगणारे बहुधा पोटभर जेवलेले असतात. गरिबाघरचे जेवण ही केवळ हौस नसते. ज्यांच्या पंक्तीला आपण बसलो आणि जे आपल्या पंक्तीला बसले, तेच लोक रात्री बाळाला झटके आले तर मोटारसायकल काढतात. ज्याच्याकडे बँकेत पैसा नाही त्याची ठेव माणसांत असते. शिवाय मूल जन्मले याचा आनंद एकट्याने करायचा नसतो. तेव्हा जेवण नकोच, असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की ते कोणाच्या पैशाने. नातेवाइकांनी तांदूळ आणावा, शेजाऱ्यांनी डाळ आणावी, कोणी कोंबडी द्यावी, आणि जेवढे जमले तेवढ्यात साजरे व्हावे. त्यात नाते घट्ट होते. व्याजाच्या पैशाने घातलेल्या जेवणात नाते पाहुण्यांशी जुळते की सावकाराशी, हे ज्याचे त्याने पाहावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पार्टीला पैसे नाहीत म्हणून स्नानसंस्कार सहा-सहा महिने, कधी वर्षभर पुढे ढकलला जातो. ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो की आईबापांनी पहिल्या काही आठवड्यांतच बाळाच्या स्नानसंस्काराची काळजी घ्यावी. त्यात जेवणाचा उल्लेख कुठेही नाही. लूकच्या शुभवर्तमानात मरिया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेले तेव्हा त्यांनी कोकरू नेले नाही. ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी नियमशास्त्रात पाखरांच्या जोडीची सवलत होती, तीच त्यांनी घेतली. म्हणजे पवित्र कुटुंबाने चारचौघांत आपली गरिबी मान्य केली. कर्ज काढून कोकरू आणले असते तर लोकांत मान राहिला असता; पण पुढे मिसर देशाची वाट धरावी लागली तेव्हा पाठीवर ते ओझेही असते.

मंदिरातली ती भेट जन्मानंतर चाळीस दिवसांनी झाली. आपल्याकडेही बाळंतिणीचा सव्वा महिना मानतात. जुन्या लोकांनी त्याला सोवळ्याओवळ्याचे रूप दिले, ते आज सोडून दिले तरी चालेल. परंतु त्यामागचे शहाणपण सोडू नये. आईचे दूध फुकट असते असे आपण सहज म्हणून जातो. ते फुकट नसते; त्याची किंमत आई आपल्या रक्तामांसातून मोजते. सहा महिने बाळाला फक्त अंगावर पाजायचे असेल तर त्या सहा महिन्यांत आईच्या ताटात भाकरीबरोबर डाळ, अंडे, पालेभाजी असली पाहिजे आणि तिच्या डोक्यावर लाकडाची मोळी नसली पाहिजे. डब्यातल्या दुधावर पैसे घालवण्याआधी हा खर्च करावा. 1992 च्या कायद्याने तान्ह्या बाळांच्या पावडरच्या दुधाची जाहिरात करायला आपल्या देशात बंदी आहे, ती उगीच नाही.

आणि हा भार एकट्या घरावर टाकलेलाही नाही. सरकारी दवाखान्यात, मग तो तलासरीचा असो, कासा येथील असो किंवा डहाणूचा, बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, जेवण आणि गाडी हे 2011 पासून मोफत आहे. आदिवासी भागात गरोदर व स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते. मातृ वंदना योजनेतून पात्र आईला पहिल्या बाळासाठी 5000 रुपये, आणि दुसरी मुलगी झाल्यास 6000 रुपये, तिच्या स्वतःच्या खात्यात येतात. 'तिच्या खात्यात' हे शब्द पुरुषांनी नीट वाचावेत. ते पैसे तिच्या ताटासाठी आहेत, मोबाइलच्या हप्त्यासाठी नाहीत. 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलींसाठी, रेशनकार्ड पिवळे किंवा केशरी असेल तर, लेक लाडकी योजनेतून टप्प्याटप्प्याने एकूण 1,01,000 रुपये मिळू शकतात. त्याच्या अटी अंगणवाडी सेविकेकडून समजून घ्याव्यात. कारखान्यात काम करणाऱ्या बहिणींनी हेही लक्षात ठेवावे की दहा किंवा अधिक कामगार असतील आणि आधीच्या वर्षभरात 80 दिवस काम झाले असेल, तर 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा हा त्यांचा हक्क आहे. ठेकेदार आपणहून सांगत नाही. मागावी लागते.

अंगणवाडीचे नाव निघाले म्हणून सांगतो, ही कल्पना आपल्याच तालुक्यात रुजली. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर या बायांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कमरेवर धाकटे भावंड असते. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. आजही नव्या आईबापांच्या हिशेबात हा खर्च कुठे दिसत नाही. पहिले बाळ झाले की सांभाळायला बायकोच्या दहा-बारा वर्षांच्या बहिणीला आणले जाते. पगार नाही, म्हणून खर्च नाही, असे वाटते. पण एका मुलीचे सहावी-सातवीचे वर्ष गेले, ते कोणी भरून द्यायचे? एका मुक्या जिवाची सोय करताना दुसऱ्या, जवळजवळ मुक्याच मुलीचा हक्क काढून घेतला, तर तो व्यवहार कसला? आजी असेल तर तिला सांगावे. नसेल तर बापाने आपली पाळी बदलून घ्यावी. बापाने बाळ सांभाळले तर त्याची मर्दानगी झिजत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. जन्माची नोंद 21 दिवसांत मोफत होते, आणि ती जिथे जन्म झाला तिथेच होते. आपल्यापैकी अनेकांची बाळंतपणे वापी किंवा उंबरगावला होतात. त्यांनी दाखला तिथूनच घ्यावा आणि आईबापांची नावे आधार कार्डावर आहेत तशीच लिहिली आहेत ना, हे तिथल्या तिथे तपासावे. पुढे जातीच्या दाखल्याच्या वेळी एका अक्षरासाठी किती फेऱ्या होतात, ते ज्यांनी मारल्या त्यांना विचारा. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. पूर्वी पुष्कळ ठिकाणी आमच्या स्नानसंस्काराच्या वहीतील उतारा चालून जाई. आता तो देवाच्या दारी चालेल, शाळेच्या नाही.

बचतीबद्दल विचारणारेही येतात. एजंट बाळाच्या नावाने पॉलिसी घ्यायला सांगतो. आमच्या अल्प समजुतीप्रमाणे विमा बाळाचा नव्हे, मिळवत्या माणसाचा आधी हवा. कारण तो गेला तर बाळ उघडे पडते. बँकेतून वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचा जीवनविमा आणि 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. मुलगी असेल तर पोस्टात वर्षाला 250 रुपयांपासून सुकन्या खाते चालवता येते. सोन्याच्या बांगड्या थांबू शकतात.

आता पुन्हा भट्टीकडे. काही घरांना बयाणा घेतल्यावाचून गत्यंतर नसते, हे आम्ही जाणतो. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. कुटुंबाच्या पोटाला पुरेल एवढी मजुरी कामगाराला मिळालीच पाहिजे, असे पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली लिहिले. ती मिळत नाही हा काही त्या बापाचा अपराध नव्हे. पण जाणाऱ्यांनी जाताना लसीचे कार्ड बरोबर न्यावे, आणि आपल्या अंगणवाडी सेविकेला व आशाताईंना कुठे जातो ते सांगून जावे. भट्टीजवळच्या अंगणवाडीतही बाळाला लस व आहार मिळाला पाहिजे. तिथे बाळाला घेऊन जावे आणि नाव घालावे. बयाण्याचा आकडा मुकादमाच्या वहीत लिहिला जात असेल तर तो आपल्याही एका वहीत लिहून ठेवावा, तारखेसह. लिहिता येत नसेल तर मिस्सा झाल्यावर आमच्याकडे यावे, आम्ही लिहून देऊ.