सनावळ्यांच्या मधली जागा

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत १८६१ आणि १८७५ या दोन सनांची एकमेकांशी कधी गाठ पडत नाही. १८६१ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, हे जगाच्या इतिहासात. १८७५ला दख्खनचे दंगे झाले, हे महाराष्ट्राच्या. मुलं दोन्ही घोकतात, गुणही मिळवतात.

मधे काय घडलं? उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतली बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या, हिंदुस्थानच्या कापसाला मागणी आली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. राजाबाई टॉवरसाठी कापूस व्यापारी प्रेमचंद रायचंदांनी देणगी दिली ती याच तेजीत. एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, कापसाचे भाव घसरले आणि १ जुलैला वायदे चुकते करायची वेळ आली तेव्हा भलेभले बुडाले.

इथून थेट दंग्यांवर उडी मारायचा मोह होतो. पण तोही आळसच. पुणे-नगरचा पट्टा काही मोठा कापूसवाला नव्हे. तिथे १८६७ला झालेल्या फेरपाहणीने अनेक गावांचा सारा भरमसाट वाढवला, त्यात शेतमालाचे भाव पडलेले. शिवाय १८५९चा मुदतीचा कायदा होताच. कर्जरोख्याची मुदत त्याने तीन वर्षांवर आणली. हेतू असा, की व्याज साचत राहू नये. सावकारांनी त्यावर तोड काढली. दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहायचं आणि कुळाचा अंगठा घ्यायचा. कुळाच्या भल्यासाठी केलेला कायदा कुळाच्याच मुळावर आला. माझ्या मते या सगळ्या हकिगतीत शिकण्यासारखं सर्वांत जास्त इथेच आहे, आणि वस्तुनिष्ठ प्रश्नात नेमकं हेच बसत नाही.

१२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर चालून गेले. दुकानं लुटली गेली हे खरं. पण त्यांचा मुख्य रोख होता वह्यांवर आणि खतांवर. ती हाती आली की जाळायची. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, तिथे मारहाण क्वचितच झाली.

चार वर्षांनी, १८७९ला, डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट आला. खतावरचा आकडा अंतिम न मानता मूळ व्यवहारापासूनचा कर्जाचा इतिहास तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला.