खवट झालेला तांदूळ

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पौडच्या पुढच्या एका गावातून वीस किलो आंबेमोहर आणला. ज्यांच्याकडून घेतला त्यांना बजावून सांगितलं होतं, ‘काका, पॉलिश अजिबात नको. नुसतं तूस काढा, कोंडा राहू द्या.’ त्यांनी मान डोलावली आणि गिरणीवाल्याला तसं सांगितलं. शिमगा उलटून गेल्यावर डब्याचं झाकण उघडलं, तर मोहोराचा वास कुठल्या कुठे गेलेला. जुन्या तेलासारखा खवट भपकारा आला आणि वर सोंडे फिरत होते. शेजारच्या डब्यातला दुकानाचा पांढराशुभ्र तांदूळ मात्र जसाच्या तसा होता.

तक्रार करायला फोन केला. काका हसले. म्हणाले, ‘अहो, कोंडा ठेवायचा तर एवढा तांदूळ एकदम करून कशाला नेलात? आम्ही भात भातच ठेवतो. लागेल तसा भरडून आणतो.’

पुण्याच्या कडेला मी राहतो त्या महाळुंग्यात ‘ऑर्गॅनिक’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. एवढ्या वर्षांत त्यावर जे वाचलं-ऐकलं, त्यापेक्षा जास्त मला त्या एका फोनने शिकवलं. सोसायटीच्या गेटवर रविवारी टेम्पो येतो, त्याच्याभोवती एकच प्रश्न असतो, ‘ऑर्गॅनिक आहे ना?’ भाजीवाला ‘हो’ म्हणतो. दुसरं काय म्हणणार? तांदूळ कधी भरडला, पीठ कधी दळलं, तेल कधी गाळलं, हे कोणी विचारत नाही. सेंद्रिय हा शेताचा गुण आहे आणि अख्खेपणा हा गिरणीचा. दोन्ही आपण एकाच पिशवीत कोंबून घरी आणतो आणि पिशवीवर ‘आरोग्य’ अशी चिठ्ठी लावतो.

कोंड्यात तेल असतं. भात भरडला की कोंड्यातली विकरं त्या तेलाला भिडतात आणि ते नासायला लागतं. तूस शाबूत असेपर्यंत दाणा सुरक्षित. कोंडा पुरता काढून टाकला तरीही तो टिकतो, कारण नासण्यासारखं त्यात फार काही उरत नाही. तांदूळ पांढरा करण्यात आपली हौस होतीच, पण व्यापाऱ्याचं हित जास्त होतं. वर्षभर गोदामात पडून राहणारा, हजार मैल जाणारा माल त्याला हवा होता. ज्वारीचंही तेच. ताज्या पिठाची भाकरी हातावर फिरते. महिनाभर ठेवलेल्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. ‘मल्टिग्रेन’ पीठ सहा-सहा महिने फळीवर उभं असतं. त्यात काय घातलंय यापेक्षा त्यातून काय काढलंय, हे मला जास्त विचारावंसं वाटतं.

कोंड्याची किंमत जगाला कळली ती कोंबड्यांमुळे. 1890 च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तिआन आइकमन हा डच डॉक्टर पाय लुळे पाडणाऱ्या बेरीबेरीचा जंतू शोधत होता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लंगडू लागल्या, मग काही काळाने आपोआप बऱ्याही झाल्या. कारण निघालं खाण्याचं. मधले काही महिने त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला शिजलेला पांढरा भात मिळत होता. तो बंद होऊन कोंड्याचा तांदूळ सुरू झाला तशा त्या सुधारल्या. आइकमनला 1929 मध्ये नोबेल मिळालं आणि त्या कोंड्यातल्या गोष्टीला आज आपण ‘बी-1’ जीवनसत्त्व म्हणतो. त्या कोंबड्यांचा तांदूळ सेंद्रिय होता का, हा प्रश्नच तेव्हा नव्हता. रासायनिक खतं भातशेतीत यायची होती. तांदूळ ‘निर्मळ’ होता आणि तरीही पाय लुळे पडत होते.

आपल्याकडे हे नेमकं ओळखलं ते वर्ध्यात. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, अर्थतज्ज्ञ कुमारप्पा तिथल्या मगनवाडीत बसले आणि गांधीजी हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाण्याचं तेल आणि गूळ यांच्यामागे लागले. त्यांच्या हिशेबात दोन गोष्टी एकत्र होत्या: खाणाऱ्याचं पोषण आणि सडणाऱ्या-दळणाऱ्यांचा रोजगार. यातला पहिला भाग मला पूर्ण पटतो. दुसऱ्या भागाशी थोडं भांडण आहे. पहाटे उठून उखळात मुसळ घालणारी बाई त्या कामाच्या प्रेमात होती असं मला वाटत नाही. माझ्या आजीला पहिली गिरणी आली तो दिवस सणासारखा आठवत असे. उखळ परत आणायची गरज नाही. गिरणी तीच राहू दे. ती किती घासते आणि कधी घासते, एवढंच ठरवायचं आहे.

मग सेंद्रियाचं काय? 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. सेंद्रिय अन्न जास्त पोषक असतं याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र कमी आढळले. 2014 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मधल्या दुसऱ्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी निघालं. म्हणजे फरक आहे, पण दुकानदार सांगतो तेवढा नाही. इथे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशातल्या 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि आणखी 15.3 टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या रक्तातली साखर सेंद्रिय मैद्याच्या बिस्किटाने आणि सेंद्रिय साखरेच्या लाडवाने तितकीच चढते. राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं ताटात रोज 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं मागतात. महागडी सेंद्रिय पालकाची जुडी परवडत नाही म्हणून जो पालकच आणत नाही, त्याचं नुकसान फवारलेला पालक धुऊन खाणाऱ्यापेक्षा जास्त आहे.

पण म्हणून सेंद्रिय हे थोतांड, असं म्हणणारेही मला पटत नाहीत. ते बघतात ताटाकडे. बघायला हवं बांधाकडे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. ते विष कुणाच्या ताटात गेलं नव्हतं. ते पाठीवरच्या पंपातून मजुराच्या अंगावर, नाकातोंडात गेलं. शेतीतल्या औषधांचा पहिला घोट फवारणारा घेतो, दुसरा विहीर घेते आणि आपल्या वाट्याला येतो तो राहिलेला अंश. सेंद्रियासाठी जास्त पैसे मोजायचं खरं कारण हे आहे. मात्र त्या पाकिटावर लिहिलेलं असतं, ‘तुमच्या कुटुंबासाठी’.

आणि ते जास्तीचे पैसे शेतकऱ्याला कधी मिळतात? प्रमाणपत्राच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकांच्या जमिनीला रूपांतराची साधारण दोन वर्षं काढावी लागतात. त्या काळात खत-औषध बंद, उत्पन्न बरेचदा घटलेलं आणि माल मात्र पूर्ण ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. सेंद्रियाचं अधिकृत चिन्ह पाकिटावर येईपर्यंत लहान शेतकऱ्याचा दम निघतो. शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासायची पीजीएसची पद्धत स्वस्त आहे, पण तिच्यामागे ओळखीचं गिऱ्हाईक उभं नसेल तर तीही कागदावर राहते.

पौड ज्या तालुक्यात येतं त्या मुळशीत तर प्रश्न आणखी मागे, बियाण्यापर्यंत जातो. आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यापावसाने लोळतो, उतारा कमी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून काढलेला इंद्रायणी 1987 मध्ये आला आणि शेतकऱ्याने तो उचलला, यात त्याची चूक काहीच नाही. 1921 च्या रामनवमीला सेनापती बापटांच्या साथीने मावळे ज्या जमिनीसाठी सत्याग्रहाला उभे राहिले, ती आंबेमोहराचीच खाचरं होती. ती टाटांच्या धरणाखाली गेली. त्याच धरणाखालून येणारी मुळा आमच्या महाळुंग्याच्या कडेने वाहते. गाव 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेलं आणि खाचरांच्या जागी आता माझ्यासारख्यांचे मजले आहेत. महाळुंग नावाच्या फळाशी गावाचं नाव जुळतं. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात असतं ते. त्यात गर थोडासा, सगळी साल; मुरंबा-लोणचं होतं ते सालीचंच. सोलून टाकलं तर हाती काही राहत नाही.

गिऱ्हाइकांना एवढंच सांगायचंय. टेम्पोवाल्याला ‘ऑर्गॅनिक आहे का’ विचारण्याआधी ‘कधी भरडला’ विचारा. आणि फवारणी नको असेल तर तसं पेरणीच्या आधी सांगा, सांगताना हातात पैसे असू द्या.

यंदा मी काकांना दिवाळीतच वर्षाचे पैसे दिले. भात त्यांच्याच घरी, कणगीत आहे. महिन्याला पाच किलो भरडून येतो.