फट बुजवावी, श्वास बुजवू नये

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आमच्या ग्वाल्हेरात उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पौषात पारा कधीकधी ४-५ अंशांवर येतो. ज्या खिडकीच्या एसीने मे महिन्यात जीव वाचवला, त्याच्याच बाजूच्या फटींतून आता गार वारं आत येतं. मग त्या फटी बंद करायचं काम निघतं. काम साधंच, पण त्यात एक प्रश्न आहे. आपल्या सुखासाठी काय बंद करायचं आणि कुठे थांबायचं?

आधी फट शोधावी. पडदा बाजूला घ्या, पंखा बंद करा आणि पेटलेली उदबत्ती एसीच्या चारी कडांजवळून हळू फिरवा. धूर जिथे वाकतो, तिथून वारं येतंय. खरं तर ज्या आजी-आजोबांची खाट त्या भिंतीला लागून आहे, त्यांना हे आधीच माहीत असतं. "मुलांना कशाला त्रास" म्हणून ते बोलत नाहीत. त्यांना आपणहून विचारणं हीसुद्धा सेवाच.

मग बाहेरून बघावं. एसीच्या आडोशाला कबुतरं घरटी करतात. अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत त्या जागेला हात लावू नये, तोवर आतून जाड पडदा सोडावा. आपल्या उबेसाठी दुसऱ्याचं घर मोडायचं नाही.

नसतील तर एसीचा प्लग काढून फटींत फोमची पट्टी बसवा, मोठ्या जागेत थर्माकोल घालून वरून टेप लावा. बाहेरून कव्हर घातलंत तर खालची बाजू मोकळी ठेवा, म्हणजे ओल साचणार नाही. उन्हाळ्यात कव्हर काढल्याशिवाय एसी सुरू करू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. सगळ्या फटी बुजवून आत कोळशाची सिगडी ठेवून कधीही झोपू नये. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. निखाऱ्यांचा धूर दिसेनासा झाला तरी धोका टळलेला नसतो. झोपण्यापूर्वी सिगडी खोलीबाहेर न्यावी. गॅस गिझर असलेल्या न्हाणीघराचा झरोकाही बुजवू नये.

मनाचंही असंच नाही का? नको ते आत येऊ नये म्हणून आपण मन आवरतो, ते योग्यच. पण साधनेच्या नावाखाली कुणाशी बोलणं नको, कुणाचं ऐकणं नको, असं सगळंच बंद केलं आणि आत जुन्या रागाचा निखारा तसाच राहिला, तर तो बाहेरच्यांना दिसत नाही, आपल्यालाच गुदमरवतो. संयम म्हणजे सगळी दारं लावून घेणं नव्हे. कोणती फट बुजवायची आणि कोणता झरोका उघडा ठेवायचा, हे ओळखणं म्हणजे विवेक.

एक विनंती. आपल्या कॉलनीचा चौकीदार त्याच्या लहानशा केबिनमध्ये दार लावून सिगडी घेऊन बसत असेल, तर आजच त्याला हे समजावून सांगा. नुसतं सांगू नका, सोबत एक रजईही द्या.

श्रीगुरुचरणी नमस्कार.